जाळीवरचा हार

डोकं लय फिरलंय मंडळी, म्हणून लिहायलोय.

निजामाचं राज गेल्यावर आजोबांनी घेतलेल्या जीपमध्ये मी नवं दमदार इंजिन बसवलंय, हे तुमाला माहीत हाय. आज सकाळी पेडगावात तिची पूजा केली. मामांनी समोरच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार गच्च बांधला.

"मामा, जाळीमागं रेडिएटर हाय. हवा न्हाई गेली तर इंजिन तापंल."

"देवाचा हार असा काढतेत का? गंगाखेडला गोदावरी गंगेत सोडू."

वर पहिला मान मामाचा म्हणून स्टेअरिंगवर तेच बसले. परभणी ओलांडली अन् तापमानाचा काटा लालवर गेला. मी ओरडायलोय, "थांबवा!" मामा म्हणायलेत, "पूजा केलीय, काही होत न्हाई."

झालं! बॉनेटमधून वाफ, खडखड आवाज आणि इंजिन जाम. महिनोन् महिने जीव ओतलेलं काम एका सकाळीत मातीत गेलं.

आणि मामांचं निदान ऐका. म्हणे, गाडीला नजर लागली! आता याच्यापेक्षा मोठा हार आणायला गेलेत.

तुमीच सांगा, तो हार मी कुणाच्या गळ्यात घालू?