फक्त हात धरले होते

माझा मुलगा तेव्हा आठवीत होता, घाटकोपरच्या शाळेत. अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गॅलरीतलं कबुतराचं पिल्लू मेलं तेव्हा दोन दिवस नीट जेवला नव्हता. त्यामुळे शाळेतून फोन आला, "मारामारी झालीय, ताबडतोब या," तेव्हा मला वाटलं, यालाच कुणीतरी मारलं.

मार खाल्लेला मुलगा वेगळाच होता. याच्याच वर्गातला, बोलताना अडखळणारा. मधल्या सुट्टीत तिघांनी त्याला पाण्याच्या टाकीमागे नेलं होतं. कानाचा पडदा फाटला होता. मारणारे दोघे. तिसरा माझा.

"मी मारलं नाही गं आई," तो बाईंसमोरच म्हणाला, "फक्त हात धरले होते."

रविवारी मी त्याला घेऊन मानखुर्दला त्या मुलाच्या घरी गेले. त्याच्या आईने आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं. मुलगा कानात कापूस घालून पलंगावर बसला होता. आम्हाला पाहताच त्याने भिंतीकडे तोंड केलं. माझा मुलगा "सॉरी" म्हणाला. तो वळला नाही.

"ताई, त्या दोघांची नावं त्याने लगेच सांगितली," त्याची आई म्हणाली. "तुमच्या मुलाचं शेवटपर्यंत नाही सांगितलं. कॅमेऱ्यात दिसलं म्हणून कळलं. रोज एकत्र डबा खायचे ना दोघं."

मला तिच्याकडे बघवेना.

परतताना बसस्टॉपवर मी विचारलं, "धरलं नसतंस तर तुलाही मारलं असतं का रे त्यांनी?"

"हो."

"म्हणून घाबरलास?"

त्याने बस येतेय का ते वाकून पाहिलं. मग म्हणाला, "आधी घाबरलो. पण तो सुटायला धडपडत होता ना, तेव्हा मजा येत होती."

माझा हात उठला. तो डोळे मिटून, गाल पुढे करून उभा राहिला, जणू एकदा मारलं की विषय संपेल. मी हात खाली घेतला. बस आली, आम्ही चढलो.

त्या मुलाला त्या कानाने आता कमी ऐकू येतं. त्याने शाळा बदलली. माझा आठवडाभर घरी बसला आणि पुन्हा जायला लागला. त्याच्या बाबांना मी एवढंच सांगितलं की तो घाबरला होता.