हं, पुढे

समोरच्या औषधाच्या दुकानात दोघे भाऊ माल जुळवत होते. थोरला नाव वाचायचा, धाकटा खोक्यात बघून म्हणायचा, "हं, पुढे." खिडकीशी बसून बिलं उतरवता उतरवता माझे हात थांबले.

मी घरूनच इमारतींचे नकाशे काढून देते. जीएसटीचं विवरणपत्र भरायचं म्हणून सगळी बिलं एक्सेलमध्ये असतात. रकाने आखलेले, रंग ठरलेले. पोर्टलवर चढवण्याआधी माझे यजमान बिलं वाचायचे आणि मी पडद्यावर जुळवायची. मी जरा रेंगाळले की म्हणायचे, "बाईसाहेब, डुलकी लागली का?"

ते गेल्यापासून वाचणारी मी आणि जुळवणारीही मीच. बेरजा एक्सेल बिनचूक करतं, पण आकडाच चुकीचा उतरवला असेल तर त्याला काय कळणार? आणि आपण केलेली चूक आपल्या डोळ्यांना बरोबरच दिसते. म्हणून तर दुसरं माणूस लागतं.

आज मी बिलं मोठ्यानं वाचायला घेतली. एका बिलाच्या रकमेतले दोन अंक एक्सेलमध्ये उलटे पडलेले सापडले.

"अहो, सापडली बघा!" मी शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाले.

खिडकीतून आवाज आला, "हं, पुढे."

मी आकडा दुरुस्त केला आणि पुढचं बिल वाचलं.