धुतलेलं इंजिन

"सेटिंग बिघडलं" असं कुणी म्हणालं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मी गाड्यांच्या इंजिनाचे कॉम्प्युटर सेट करतो. सेन्सर हवा मोजतो, त्या बेतानं पेट्रोल सुटतं, आणि कमी-जास्त झालं की कॉम्प्युटर ते स्वतः सावरून घेतो. त्या सावरण्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. मंगळवार पेठेतल्या एकाची गाडी लॅपटॉप लावून मी कागलपर्यंत पळवली, तेव्हा कुठं त्याच्या ट्रिमचा आकडा शून्याच्या जवळ आला.

दसऱ्यानंतर तो दारात हजर. गाडी आचके देत होती.

"सेटिंग बिघडलंय तुमचं. पेट्रोल वाढवा."

लॅपटॉप लावला, तर ट्रिम भलताच चढला होता. बॉनेट उघडलं. खंडेनवमीला यानं इंजिनावर प्रेशरनं पाणी मारलं होतं आणि सेन्सरच्या पुढचा हवेचा पाइप निसटला होता. न मोजलेली हवा सरळ आत जात होती. त्या निसटलेल्या पाइपलासुद्धा यानं हळद-कुंकू लावलं होतं.

पाइप दाखवला, तर म्हणतो, "त्ये ऱ्हाऊ दे वो, सेटिंग तेवढं बघा की."

रागारागानं पाइप बसवला, क्लिप आवळली, पैसे न घेता किल्ली त्याच्या हातात कोंबली. सेटिंगला बोटसुद्धा लावलं नाही.

परवा त्याचा मेव्हणा पेठ वडगावहून गाडी घेऊन आला. खुर्ची ओढून म्हणाला, "पावणं, तुमचं सेटिंग आठ दिसांत बिघडतंय म्हणं. पन परत फुकटात करून देतायसा, म्हणून आलोय."