शिरूर अनंतपाळला बसून पाहिलेली आशियाई मॅच

कोमलचा मेसेज आला तेव्हा मी नांदेडला शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होते. "पहिली गोलकीपर जखमी आहे. उद्या मी खेळणार. आईजवळ जाशील का?"

मग कसले पेपर! दोन दिवसांची रजा टाकली आणि घरी येऊन पिशवी भरली.

कोमल माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही एका खोलीत राहायचो, एकाच टीममधून खेळायचो. मी बचावात, ती गोलात. मी शिक्षिका झाले, ती खेळत राहिली. यंदा तिचा क्लब आशियातल्या महिला क्लबांच्या स्पर्धेत पोहोचलाय. गटात तीन सामने, त्यातला एक जिंकला, एक हरला. तिसरा बरोबरीत सुटला तरी पुढची फेरी पक्की होती. सामना परदेशात, आपल्याकडच्या दुपारी तीनला.

आणि तिची आई, म्हणजे रुक्मिणकाकू, मॅच बघत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात कोमलच्या डोक्याला समोरच्या मुलीचा गुडघा लागला होता. तिला स्ट्रेचरवर उचलून नेताना काकूंनी मोबाईलवर पाहिलं. तेव्हापासून मॅच सुरू झाली की काकू शेतात जातात.

सकाळी लातूरची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हा प्रवास खिशाला जड नाही. लोहा मागे पडलं तसं दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं आणि मध्येच फुललेली तूर दिसू लागली. एरवी मी खिडकीतून बघत रमले असते. त्या दिवशी सारखा मोबाईल उघडून बघत होते, टीम जाहीर झाली का म्हणून. अहमदपूरला बस चहासाठी थांबली. शेजारच्या आजींनी विचारलं, "दवाखान्यात हाय का कुनी? लई घाबरून राहिलीस."

"नाही आजी, मैत्रिणीची मॅच आहे."

"मग गं, त्यात काय घाबरायचं?" म्हणत त्यांनी माझ्या हातावर दोन केळी ठेवली. अर्धापूरची, घरच्या बागेतली.

तुम्ही कोमलच्या शिरूरला जाणार असाल तर चाकूरला उतरा आणि थेट बस आहे का ते आधी विचारा. मला जीप मिळाली, पण ती भरल्याशिवाय हलेना.

"दादा, तीनला मॅच आहे, चला ना."

"क्रिकेटची?"

"फुटबॉलची. शिरूरची मुलगी खेळतेय."

"हाव का? चांगलं हाय," असं म्हणून तो शांतपणे टायरला टेकून उभा राहिला. शेवटची सीट भरली तेव्हाच गाडी नळेगावकडे निघाली. शिरूरपर्यंत मी सीटच्या कडेवरच बसले होते.

काकू अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. मला बघून उठल्या, धपाटे आणि दही पुढ्यात ठेवलं. मॅचचं नाव काढलं नाही. मी खोलीत मोबाईल खिडकीला टेकवून बसले. मी आलेली म्हणून काकू शेतात गेल्या नाहीत, परत अंगणात बसल्या.

पहिल्या अर्ध्या वेळात कोमलने दोन चेंडू असे अडवले की मी ओरडलेच. बाहेर शेंगा फुटण्याचा आवाज थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. दुसऱ्या अर्ध्यात एका कॉर्नरला चार-पाच जणी हवेत उडाल्या. कोमल खाली पडली आणि उठली नाही. नेमकं तेव्हाच चित्र थबकलं. नुसतं गोल चाक फिरत राहिलं.

"काय झालं? का गप झालीस?" काकू दारात उभ्या होत्या. "उठली का ती?"

"नेट गेलंय, काकू."

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि माझं मनगट धरलं. किती घट्ट, ते मला नंतर कळलं. चित्र आलं तेव्हा कोमल ग्लोव्हज नीट करत, बचावातल्या मुलींवर खेकसत होती.

"वरडायलीय बघ," काकू म्हणाल्या. मग जागच्या हलल्या नाहीत.

शेवटच्या काही मिनिटांत आमच्या एकीच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी.

"समद्या बाजूला का झाल्या?"

"आता ती एकटीच, काकू. आणि समोर मारणारी."

"एकटीलाच हुबं करत्यात व्हय!"

कोमल उजवीकडे झेपावली, चेंडू डावीकडून आत गेला. एक-शून्य. बरोबरी हुकली, स्पर्धा संपली. मी तोंड दाबून रडले. काकू मोबाईलकडे बघतच राहिल्या.

संध्याकाळी कोमलचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, हरलो गं."

मला वाटलं, काकू विचारतील, लागलं का, जेवलीस का. पण त्या म्हणाल्या, "ती पोरगी डावीकडं बघत व्हती. तू उजवीकडं का गेलीस?"

पलीकडून बारीक आवाजात, "आई, तू बघितलंस?"

"बघितलं की. सांग आधी, का गेलीस?"

मग मायलेकींचं त्या गोलवरून जे भांडण जुंपलं, ते ऐकत मी अंगणात शेंगा सोलत बसले.

दुसऱ्या दिवशी लातूरमार्गे परतले. तिथे निलंगा राईस खाल्ला. तिखट, गरम, चुकवू नका. नांदेडला पोहोचून पेपर पुन्हा हातात घेतले, पण मन काही लागेना. त्या पेनल्टीच्या वेळी मीही कोमलसारखीच उजवीकडे गेले असते, असं सारखं वाटत राहिलं. हरल्याची हळहळ आहेच. पण मनगटावरची ती पकड अजून जाणवते आणि त्या पकडीसाठी मी पुन्हा तेवढीच धावपळ करीन.

काल काकूंचा फोन आला होता. "पुढल्या वर्षी ती स्पर्धा कोणत्या देशात हाय?"

मी सांगितलं, "अजून ठरलं नाही. आणि आधी क्लबला इथली लीग जिंकावी लागेल."

"ते त्या पोरी बघतील. तू मला पासपोर्टला काय काय लागतं ते सांग."