आमच्या बँडची शांत कारकीर्द

आमच्या बँडने पहिली चार वर्षं कसलाही आवाज काढला नाही.

बँडमध्ये आम्ही तिघे सख्खे भाऊ. थोरला अभिजित, म्हणजे दादा, गिटारवर. धाकटा रणजित, म्हणजे रणू, गायक आणि गीतकार. मधला मी, सुजित, ड्रमवर. (मधल्याला कुणी विचारत नाही. गिटार दादाने घेतली, माईक रणूने घेतला, मग जे उरलं ते माझं.) डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत होते आणि कायमचे थर्ड शिफ्टला. म्हणजे शेजारी चहा पिऊन कामाला निघाले की बाबा घरी येऊन झोपायचे.

ही शिफ्ट त्यांनी मागून घेतलेली होती. आई शाळेत शिक्षिका, ती दिवसभर बाहेर. पोरं शाळेतून परत येतील तेव्हा दाराला कुलूप नको, झोपलेला का होईना पण घरात बाप असावा, असं बाबांचं म्हणणं. आम्ही मोठे झालो, दादाला मिशा आल्या, पुढे नोकरीही लागली, पण बाबांची थर्ड शिफ्ट काही सुटली नाही. म्हणून आमच्या बँडचं नावही तेच ठेवलं, ‘थर्ड शिफ्ट’.

आता ज्या घरात दिवसा माणूस झोपतो त्या घराला एक वळण लागतं. आमच्या दारावरच्या बेलची वायर कापलेली होती. सुट्टीच्या दिवशी आई कुकरसमोर पहारा द्यायची आणि शिट्टी वाजणार असं वाटलं की गॅस बंद करायची. (आमच्याकडची तूरडाळ नेहमी जराशी कच्ची असायची.) खालचा भाजीवालासुद्धा आमच्या बिल्डिंगसमोर ओरडायचा नाही. मेथीची जुडी उंच धरून तिसऱ्या मजल्याकडे बघत राहायचा, आणि आई गॅलरीतून बोटांनी किती ते सांगायची. आम्ही भाऊ तर मारामारीही चपला काढून, दात-ओठ खात, एक शब्द न बोलता करायचो.

अशा घरात दादाने एक दिवस इलेक्ट्रिक गिटार आणली.

“ॲम्प कुठाय?” मी कुजबुजलो.

“लावणार कुठे? बाबा झोपलेत.”

“मग वाजणार कशी?”

“वाजते रे. जवळ ये.”

मी कान लावला. खरंच वाजत होती. डासाने बसल्या बसल्या काहीतरी आठवून गुणगुणावं, तेवढी. आम्हाला ते पुरेसं वाटलं. मग मी दोन उश्या आणि एक लोड मांडला, लाकडी काठ्यांना बाबांचे जुने मोजे चढवले, आणि माझे ड्रम तयार झाले. रणूने लाटणं हातात घेतलं. गायकाने आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, असं ठरलं. त्याच्या गळ्यावरच्या शिरा मात्र तटतटून फुगायच्या.

दर रविवारी दुपारी तालीम. एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी बाबा भिंतीपलीकडे झोपलेले. आईने पडदा ओढलेला असायचा आणि त्यातून झिरपून खोलीत पिवळा, मधासारखा उजेड पसरायचा. पंखा संथ फिरायचा. आम्ही डोळे मिटायचो. माझ्या उश्यांचं थुप थुप, दादाच्या तारेचं किणकिण, आणि त्याच्यावर... काय सांगू! त्याच्यावर माझ्या डोक्यात जे संगीत वाजायचं ते मी आजवर कुठेही ऐकलेलं नाही. समोर माणसांचा समुद्र दिसायचा, हवेत हात, आणि रणूचा मखमली आवाज त्या सगळ्यांवरून तरंगत जायचा. गाणं संपलं की आम्ही बराच वेळ बोलायचो नाही. तसंही बोलायला बंदीच होती.

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘निळं’. (गाजलेलं म्हणजे आमच्या तिघांत.) रणू ते म्हणताना डोळे मिटून असा कळवळायचा की दादाला बाळकुमची खाडी दिसायची, संध्याकाळची, पाणी आणि आभाळ एक झालेली. मला कल्याणच्या क्लासमधली एक निळी ओढणी दिसायची. शब्द काय आहेत हे रणूला विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. एवढ्या मोठ्या कवीला अर्थ कसा विचारणार?

मध्ये एकदा दादा ठाण्यात तासावर मिळणारी प्रॅक्टिस रूम बघून आला. परत आला तो नाक मुरडतच.

“आपल्याला नाही जमणार तिथे.”

“का?”

“लोक खूप आवाज करतात.”

बाबांच्या रिटायरमेंटचा दिवस ठरला तेव्हा मात्र दादा गंभीर झाला. गॅलरीत आम्हा दोघांना बोलावून म्हणाला, “एक लक्षात आलंय का तुमच्या? बाबांनी आपलं एक गाणं ऐकलेलं नाही.”

ज्या माणसाने आमच्यासाठी इतकी वर्षं रात्रीचा दिवस केला, त्याच्याच झोपेसाठी आम्ही सगळी गाणी गिळून ठेवली होती. आता ती त्याच्यासमोर एकदा मोकळी करायची. बाकी कुणी टाळ्या वाजवो न वाजवो, बाबांनी एकदा “छान” म्हणावं, एवढंच आम्हाला हवं होतं. मला तर ते इतकं हवं होतं की आठवडाभर जेवण गेलं नाही.

आमच्या मामाचा फ्लॅट बाळकुमच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये. त्याने तिथला क्लबहाऊसचा हॉल मिळवून दिला. सत्कार, गाणं आणि जेवण असा बेत ठरला. ड्रम, ॲम्प, स्पीकर असं सगळं डोंबिवलीतल्या एका साउंडवाल्याकडून घेतलं आणि टेम्पोत चढवलं. भाड्याच्या ड्रमना धक्का लागू नये म्हणून आईने घरातल्या सगळ्या उश्या मध्ये मध्ये खोचून दिल्या. दुपारी पोचायचं, दोन तास खऱ्या आवाजात तालीम करायची, मग कार्यक्रम. चार वर्षांत पहिल्यांदाच आवाज करायचा म्हटल्यावर दोन तास हाताशी हवेत, इतकी अक्कल आम्हाला होती.

शीळफाट्याला ती अक्कल आणि आम्ही एकत्रच अडकलो. पुढे कुठेतरी कंटेनर आडवा झालेला, आणि त्याच्यामागे बघावं तिथपर्यंत गाड्या. ऊन कलायला लागलं तशी दादाने मान हलवली.

“घ्या रे. इथेच करू.”

टेम्पोच्या मागच्या बाजूला आम्ही मांडामांड केली. दादाने केबल न लावता गिटार गळ्यात घातली, मी खोचलेल्या उश्या उपसल्या, रणूने ओठ हलवायला सुरुवात केली. काय रंगली ती तालीम! आजूबाजूला हॉर्न बोंबलत होते आणि आम्ही डोळे मिटून ढगात. टेम्पोवाला खाली उतरून मागे आला, बराच वेळ बघत उभा राहिला.

“काय रे पोरांनो,” तो म्हणाला, “बॅटरी उतरली काय तुमची?”

आम्ही बाळकुमला पोचलो तेव्हा मामाचं भाषण संपत आलेलं. बाबा स्टेजवरच्या मोठ्या खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ. समोर पहिल्या रांगेत कल्याणची आत्या, मागे बाबांच्या कंपनीतली मंडळी. साउंडवाल्याच्या पोऱ्याने धावत पळत केबली जोडल्या. आई जवळ येऊन म्हणाली, “उश्या टेम्पोत ठेवू नका, कुणी उचलून नेईल,” आणि त्या सगळ्या उचलून आणून तिने विंगेत रचल्या.

“आणि आता,” मामा माईकवर म्हणाला, “आमच्या भाच्यांचा बँड!”

दादाने माझ्याकडे बघून मान डोलावली. मी काठी उचलली आणि हाणली.

इतका मोठा आवाज झाला की मी वळून मागे बघितलं. वाटलं, कुणीतरी कपाट पाडलं. कपाट नव्हतं, मीच होतो. तोवर दादाने तार छेडली आणि स्पीकरमधून असं काही बाहेर आलं की पुढच्या रांगेतलं एक बाळ एकदम रडू लागलं. दादाही भेदरला, पण हात सवयीने चालूच राहिले. आणि मग रणू गायला लागला.

रणूचा गातानाचा आवाज आम्ही शेवटचा ऐकला होता तो फुटायच्या आधी. तो अजून फुटतच होता! गिटार एका सुरात, रणू भलत्याच सुरात, आणि मी ते ऐकू येऊ नये म्हणून आणखी जोरात बडवतोय. त्यातून शब्द स्पष्ट. ते ‘निळं’ म्हणजे खाडी नव्हती की ओढणी नव्हती. तो रेनकोट होता. दादाने वापरलेला, मग मी वापरलेला, मग रणूला मिळालेला निळा रेनकोट.

“खिशाला भोक, टोपी नाही,” रणू जीव तोडून गात होता, “सुज्याने बटण गिळलं... निळं... निळं...”

(बटण मी गिळलं नव्हतं. फक्त चावलं होतं.)

आत्याने कानातलं मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. बाबांचे सहकारी, ज्यांचा जन्म मशीनच्या घरघरीत गेला, ते कानांवर हात ठेवून बसले. आणि मी बाबांकडे बघितलं. बाबा खुर्चीत ताठ, डोळे मोठे उघडे, झोपेतून दचकून उठल्यासारखे.

तो चेहरा आम्ही लहानपणापासून ओळखत होतो. आम्ही तिघेही जागच्या जागी थिजलो. त्या संध्याकाळी आम्ही एकत्र, बरोबर समेवर केलेली ती एकमेव गोष्ट.

मला रडू यायला लागलं, आणि ड्रमच्या आड दिसणार नाही म्हणून मी ते येऊ दिलं.

“हे कुठलं?” बाबांनी विचारलं.

“आमचं गाणं, बाबा,” दादा म्हणाला. “तुमच्यासाठी.”

“असं नाही रे ते.”

“म्हणजे?”

“रविवारी वाजवता ते. ते वाजवा ना.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“ते थुप थुप असतं बघ,” बाबा जरा लाजूनच म्हणाले, “आणि ती बारीक तार. मला त्याच्यावरच झोप लागायची. सोमवारी चुकल्यासारखं व्हायचं.”

“बाबा, तुम्हाला ऐकू यायचं?” रणूने विचारलं.

“घर केवढंसं आहे आपलं?”

दादाने पुढे होऊन ॲम्पची वायर उपटली. मी मागे वळतो तर आई उश्या घेऊन उभी. काठ्यांना चढवायला मोजे नव्हते, तर मामाने स्वतःच्या पायातले काढून दिले. (ते त्या दिवशीचेच होते. कलेसाठी माणूस सोसतो.) आम्ही खाली बसलो, डोळे मिटले आणि सुरू केलं. थुप थुप. किणकिण. एसीची संथ घरघर. रणूचे ओठ हलताहेत आणि त्यातून काहीच येत नाही. बाळ रडायचं थांबलं. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि माझ्या डोक्यात ते जुनं संगीत परत आलं, तो पिवळा उजेड आला, तो माणसांचा समुद्र आला. ओढणीही आली, पण आता तिला एक बटण कमी होतं.

मध्येच डोळे उघडले तर बाबांची हनुवटी शालीवर टेकलेली. ओठांवर हसू आणि बारीकसं घोरणं. मांडीवरचा नारळ हळूहळू घरंगळत निघालेला. तो जमिनीला लागायच्या आत आईने पुढे होऊन अलगद झेलला, जशी कुकरची शिट्टी झेलायची. मग तिने ओठांवर बोट ठेवून सगळ्या हॉलकडे बघितलं.

त्यानंतरच्या जेवणाबद्दल बाळकुमात अजून बोललं जातं. सगळी माणसं चपला हातात घेऊन बुफेपर्यंत गेली. मामा जिलेबी हवी का ते भुवयांनी विचारत होता. आत्या हात उंच करून ‘दोन’ म्हणत होती. सत्कारमूर्ती स्टेजवर गाढ झोपलेले, आणि आम्ही वाजवतोय. थांबलो की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची, त्यामुळे आम्हाला जेवायला मिळालं नाही.

झोपण्यापूर्वी बाबा अर्धवट डोळ्यांनी “छान” म्हणाले, असं रणू सांगतो. दादा म्हणतो, ती जांभई होती. मी रणूच्या बाजूने आहे.

बँड अजून चालू आहे. रिटायर झाल्यावर बाबांना ना दिवसा झोप लागते ना रात्री, त्यामुळे आमच्या कार्यक्रमांना मागणी आहे. दादा आता घोडबंदर रोडला राहतो आणि मी कल्याणला, तरी रविवारी दुपारी आम्ही ट्रॅफिक कापत डोंबिवलीला जमतो. आई पडदा ओढते. क्लबहाऊसमधल्या त्या बाळाच्या आईनेही एकदा आम्हाला घरी बोलावलं होतं. बाळ पहिल्याच कडव्यात झोपलं. आमचं एकही गाणं आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, पण अर्ध्यातून उठूनही कुणी गेलेलं नाही.

मागच्या रविवारी मात्र गडबड झाली. ‘निळं’ ऐन रंगात आलेलं, आणि बाबा दचकून जागे झाले. भिंतीपलीकडून त्यांनी विचारलं, “अरे, थुप थुप का थांबलं?”

दादाने डोळे उघडून बघितलं, रणूने ओठ थांबवून बघितलं. ड्रमर ड्रमवर डोकं ठेवून गाढ झोपला होता.