चिंगीची नखं आणि शिक्रापूरची खोली

गेल्या पाडव्याच्या सकाळी शिक्रापुरात चिंगी नावाच्या मांजरीवर अन्याय झाला. तिने घरमालकाच्या नव्या बुलेटची सीट ओरबाडली, म्हणून त्याने तिला पाळणाऱ्या भाडेकरू बाईला बजावलं, "ताई, पुण्याला नेऊन हिची नखं कायमची काढून आणा, न्हाईतर खोली सोडा."

नखं काढण्यावर कायद्याने बंदी घाला, अशी पत्रकं वाटत मी तेव्हा त्याच्याच चाळीत होतो.

सणसवाडीच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी ती बाई चिडली नाही. खांद्यावरच्या चिंगीचा पदरात रुतलेला पंजा हलक्या हाताने सोडवत ती घरमालकाला म्हणाली,

"मामा, नखं काढायची म्हंजी बोटाचं पेरच तोडायचं. मग कुत्रं आलं तर ही काय हात जोडून उभी ऱ्हाईल?"

"मग खोली?" घरमालकाने विचारलं.

"सोडते की! सीट शिवून मिळती, मामा. हिची बोटं कोण शिवून देणार?"

दुपारी तिचं सामान टेम्पोत चढलं. शेवटी ती चढली, चिंगीला कडेवर घेऊन. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

लोक मला विचारतात, एवढ्याशा गोष्टीला कायदा कशाला? यासाठी! ती ठाम राहिली म्हणून बोटं वाचली, पण तिचं घर गेलं. प्रत्येक मांजरीला अशी बाई कुठून आणायची? बंदीच्या मागणीवर सही करा. आत्ता करा.