अक्का आणि गच्चीवरची टिटवी

सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी अक्का मागच्या खिडकीत उभ्या राहायच्या आणि नदीकडच्या मोकळ्या रानाकडे बघत पुटपुटायच्या, "कोण आलंय, कोण न्हाय आलं?" लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मला वाटलं, पाहुणे यायचेत. मी घाईघाईने पदर सावरला. अक्का वळून म्हणाल्या, "पावणं न्हाईत गं. पाखरं."

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर नेसरीकडचं, घरात निम्मं कानडी, त्यामुळे कोल्हापुरात आल्यावरही सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची, आणि मीही तेच म्हणू लागले. आमचं घर पंचगंगेकडे उतरणाऱ्या गल्लीच्या अगदी शेवटाला. लोक पक्षी बघतात ते मजेसाठी. रविवारी कळंब्याच्या तळ्यावर दुर्बिणी लावून बसलेली हौशी मंडळी मी पाहिली आहेत. अक्का पक्षी बघायच्या त्या काळजी करण्यासाठी. माघात कणसांतले दाणे टिपणाऱ्या भोरड्यांचे थवे दिसले की नेसरीच्या भावाच्या जोंधळ्याचं कसं होणार? चैत्रात कोकीळ घसा ताणू लागला की नळाचं पाणी पुरेल का? आणि जेठाच्या तोंडाला पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागला की शेतकऱ्याला आनंद व्हायचा आणि अक्कांना पूर दिसायचा. "त्यांचं पेरून व्हतंय आन आमचं वाहून जातंय," असं त्या त्याला खिडकीतून सुनावायच्या. मागच्या मोठ्या पुरात आमच्या घरात पुरुषभर पाणी होतं. ते त्यांच्या डोळ्यांतून कधी ओसरलंच नाही.

पावशा ओरडला की एक कापडी पिशवी भरून कपाटावर चढायची. तिच्यात घराची कागदं, औषधं, बॅटरी, दोन साड्या आणि चिवड्याचा डबा. ती खाली उतरायची दसऱ्याच्या आसपास, धोबी आल्यावर. करड्या-पांढऱ्या अंगाचा, शेपूट आपटत तुरुतुरु चालणारा तो चिमुकला पक्षी उत्तरेकडून थंडी घेऊन येतो. तो रानात दिसला की अक्का पहिल्यांदा हसायच्या. "सुटलो बाई. आता पानी येत न्हाय."

मी पहिलटकरीण होते त्या वर्षी या सगळ्याचा कळस झाला. श्रावणात दिवस भरणार होते, म्हणजे ऐन पुराच्या तोंडावर. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत. पण माझी आई नव्हती, पन्हाळ्याला वडील एकटे, आणि डॉक्टर इथले. मी राहायचं ठरवलं. अक्कांनी "बरं" म्हटलं आणि त्या दिवसापासून त्यांचा घास अर्ध्यावर थांबायला लागला.

त्यातच वैशाखात आमच्या गच्चीवर, अर्धवट राहिलेल्या बांधकामाच्या खडीत, टिटवीने अंडी घातली. आमच्याकडे सगळेच मानतात की टिटवीने उंचावर अंडी घातली म्हणजे त्या वर्षी पाणी चढणार. दरवर्षी ती मागच्या रानात घालायची; या खेपेला थेट आमच्या डोक्यावर! अक्का जिन्यावरून खाली आल्या त्या भिंत धरतच.

"कुणाला सांगू नगंस," त्या मला म्हणाल्या. "गल्ली आत्ताच बोचकी बांधाय लागंल."

माझा नवरा बसवराज हसला. "अक्का, टिटवीच्या अंड्यावरनं बाळंतपणाची जागा ठरवायची व्हय?"

"तू हस की. पाण्यात डोलीतनं बायकू न्यायची वेळ आली की मग हसून दाव."

गुपित राहावं म्हणून अक्कांनी गच्चीला कुलूप घातलं, आणि तिथेच फसल्या. वैशाखात गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर पापड, सांडगे, कुरडया वाळत असताना एकट्या अक्कांचं वाळवण दारात बाजेवर! समोरच्या शांतावहिनी रोज विचारायच्या, "अक्का, गच्ची नगंशी झाली व्हय?" अक्का म्हणायच्या, "गुडघं दुखत्यात." आणि त्याच गुडघ्यांनी दिवसातून कितीदा तरी वर जाऊन अंडी शाबूत आहेत ना, ते बघून यायच्या. टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत किंचाळायची. अक्का तिला समजवायच्या, "व्हय बाई, तुझं बी खरं हाय. मलाबी तेच भ्या वाटतंय."

अंडी फुटून पिल्लं बाहेर आली त्या सकाळी टिटवी खाली रानात उतरून जिवाच्या आकांताने हाका मारू लागली. पिल्लांना उडता येत नव्हतं, आणि ती गच्चीतलं पाणी जायच्या भोकातून बाहेर डोकावत होती. खाली फरशी होती. अक्कांनी ते पाहिलं आणि महिनाभर जपलेलं गुपित गल्लीभर ओरडून टाकलं, "अगं शांता, गोधड्या आन! सगळ्या आन!"

शांतावहिनी गोधड्या घेऊन धावल्या, त्यांच्या मागून आणखी चार जणी गाद्या, सतरंज्या घेऊन. भिंतीखाली बिछाना पडला. तेवढ्यात शांतावहिनींना उमज पडला. "म्हंजे टिटवी गच्चीवर हुती? आन आमास्नी सांगितलं न्हाईस?"

"भांडू मागनं. आधी वर बघ!"

एकेक पिल्लू कापसाच्या बोळ्यासारखं पडलं, धडपडलं आणि आईकडे पळालं. शेवटचं काही उडी मारेना. अक्कांनी माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. "पडलं का? लागलं का?" त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त टिटवीचं पिल्लू नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. "पळालं, अक्का," मी म्हणाले. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

श्रावणात नदी पात्राबाहेर आली. पाणी अजून रानापलीकडे होतं, तरी अक्कांनी कपाटावरची पिशवी काढली आणि मला उंचावरच्या वस्तीत आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. तिथेच जवळच्या दवाखान्यात माझी गौरी सुखरूप जन्मली. पाणी मात्र आमच्या मागच्या पायरीला लागून परत फिरलं. बसवराजला तेवढंच पाहिजे होतं. "अक्का, तुझी टिटवी खोटी ठरली की!"

अक्का नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "खोटी ठरली म्हणून तर साखर वाटतोय," त्या म्हणाल्या. "खरी ठरली असती आन मी गप बसलो असतो, तर कुणाला तोंड दावलं असतं?"

तोवर मी त्यांच्या काळजीला वैतागायचे. त्यानंतर पुन्हा कधी वैतागले नाही.

यंदा माघात, भोरड्यांचे थवे आभाळात वळत असताना, अक्का गेल्या. झोपेतच गेल्या. शेवटच्या संध्याकाळीही त्यांनी खिडकीपाशी बसून विचारलं होतं, "जोंधळा काढला का गं भावानं?"

टिटवीने या वर्षी मुकाट्याने खाली रानात अंडी घातली. गल्ली निवांत होती. पण जेठात पावशा ओरडला आणि माझे हात आपोआप पिशवी भरू लागले. बसवराजने बघितलं, यंदा तो हसला नाही. उलट बॅटरीत नवे सेल घालून दिले.

पाऊस आता थांबला आहे, नदी पात्रात गेली आहे, घट बसलेत. रोज सकाळी चहा हातात घेऊन मी मागच्या खिडकीत उभी राहते. काल समोरून शांतावहिनींनी हाक मारली, "आला का गं धोबी?"

"अजून न्हाय," मी म्हणाले, आणि पिशवी कपाटावर तशीच राहू दिली.